डिस्चार्जनंतरचं बाळ

नवजात बाळाच्या रक्तात जंतू शिरले की आजार एका अवयवापुरता राहत नाही. बाळ दूध ओढेनासं होतं, अंग गार पडतं किंवा तापतं, छाती आत ओढली जाऊ लागते, रडणं क्षीण होतं. यातलं एकेक लक्षण इतकं मोघम असतं की ते साध्या अशक्तपणाचंही असू शकतं. म्हणून डॉक्टर वाट पाहत बसत नाहीत. रक्त कल्चरला पाठवतात आणि अहवाल यायच्या आधीच अँटिबायोटिक सुरू करतात. बऱ्याच वेळा कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, तरी बाळाची लक्षणं पाहून उपचार चालू ठेवावे लागतात. वैद्यकात या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. घरचे मात्र नातेवाइकांना फोनवर ‘बाळाला इन्फेक्शन झालंय, पेटीत ठेवलंय’ एवढंच सांगतात. साधारण आठवडा ते दोन आठवडे इंजेक्शनं चालतात, जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेले असतील तर तीन आठवडे किंवा त्याहूनही जास्त. बाराव्या दिवसाचं बारसं त्यात वाहून जातं. मग एके दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात पडतं आणि दवाखान्याच्या लेखी उपचार यशस्वी ठरतात. या ‘यशस्वी’ची मोजपट्टी कोणी ठरवली आणि ती पुरेशी आहे का, हा या प्रकरणाचा विषय आहे. ती पुरेशी नाही, असं माझं म्हणणं आहे. कुटुंबाला ज्या निकालांशी देणंघेणं असतं ते मोजले नाहीत, तर आईबापांच्या भावनांची कदर राहून जाते हे खरंच, पण त्याहून मोठा तोटा म्हणजे औषध उपयोगी आहे की नाही याचं उत्तरच चुकू शकतं.

नवजात सेप्सिसवरच्या अभ्यासांत सहसा काय मोजतात ते आधी पाहू. पहिला मान मृत्यूचा: दवाखान्यात असेपर्यंत किंवा जन्मापासून 28 दिवसांपर्यंत. त्यानंतर रक्त जंतुमुक्त झालं का, अँटिबायोटिक बदलावं लागलं का, व्हेंटिलेटर किती दिवस लागला, संसर्ग उलटला का. हे सगळं दवाखान्याच्या फायलीतच मिळतं, म्हणून ते मोजलं जातं. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांनी 2011 ते 2014 या काळात मिळून केलेला अभ्यास या प्रकारातला आपल्याकडचा सगळ्यांत भरीव म्हणावा लागेल. नवजात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या 13,530 बाळांची त्यात नोंद झाली. शंभरातल्या चौदा बाळांना सेप्सिस झाला होता. त्यांपैकी चौथा हिस्सा दगावला, आणि ज्यांच्या रक्तात जंतू प्रत्यक्ष सापडले त्यांच्यातली जवळजवळ निम्मी. सर्वाधिक सापडलेला असिनेटोबॅक्टर हा जंतू बहुतेक वेळा अनेक औषधांना दाद न देणारा निघाला. हे आकडे मिळवणं फार मोलाचं काम होतं, त्यांच्यामुळे धोरणाच्या पातळीवर बोलायला काही हाती आलं. पण सेप्सिस झालेली जी तीन चतुर्थांश बाळं वाचून घरी गेली, ती दोन वर्षांची झाल्यावर ऐकत होती का, चालत होती का, हा प्रश्न त्या अभ्यासाच्या चौकटीबाहेरचा होता. आईबापांच्या दृष्टीने खरी गोष्ट तर तिथूनच सुरू होते.

वाचलेलं बाळ पूर्ण बरंच असतं असं मानायला आधार नाही. अमेरिकेत 1993 ते 2001 दरम्यान जन्मलेल्या, एक किलोपेक्षा कमी वजनाच्या 6,093 बाळांचा पाठपुरावा 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 65 टक्के बाळांना दवाखान्यात असताना एकदा तरी संसर्ग झाला होता. दीड-पावणेदोन वर्षांनी तपासलं तेव्हा संसर्ग झालेल्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि हालचालींच्या चाचण्यांतले कमी गुण आणि दृष्टिदोष जास्त आढळले. यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे: इतकी लहान बाळं मुळातच नाजूक, त्यांच्या मेंदूला इजा व्हायला इतरही कारणं असतात, सगळं सेप्सिसच्या माथी का मारायचं? संशोधकांनी वजन, गर्भाचे आठवडे वगैरे गोष्टींचा हिशेब वेगळा करूनही फरक उरला, हे त्याचं एक उत्तर. दुसरं उत्तर शरीरशास्त्रात आहे. सेप्सिसमध्ये शरीरभर दाह उसळतो, रक्तदाब घसरतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतला पांढरा भाग नेमका या दोन्ही गोष्टींना सर्वांत हळवा असतो. तिथल्या पेशी अजून घडत असतात. त्या मेल्या तर त्याची खूण पहिल्या महिन्यात बहुधा दिसतच नाही. मूल मान धरायला, बसायला, बोलायला लागायच्या वयात ती उमटते, आणि तोवर दवाखान्याची फाइल केव्हाच बंद झालेली असते.

उपचारांचाही काही वाटा असतो. जेंटामायसिन आणि अमिकासिन ही नवजात विभागातली रोजची औषधं. स्वस्त, जुनी, जीव वाचवणारी. पण त्यांच्यामुळे कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशींना आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. काही माणसांच्या पेशींमध्ये आईकडून आलेला एक जनुकीय बदल असतो आणि त्यांच्यात नेहमीच्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकतं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या कामात दाखवलं की बाळाच्या खाटेशेजारीच गालातल्या नमुन्यावरून अर्ध्या तासाच्या आत हा बदल ओळखता येतो आणि अशा बाळाला दुसरं अँटिबायोटिक देता येतं. ‘ऐकू येतं का’ हा निकाल कोणीतरी महत्त्वाचा मानला म्हणून ही चाचणी घडली. जगला की दगावला एवढंच मोजत राहिलं असतं, तर बहिरं झालेलं बाळ ‘यशस्वी’च्या रकान्यात गेलं असतं आणि प्रश्नच उभा राहिला नसता.

मोजमाप लांबवल्याने निष्कर्षावर काय परिणाम होऊ शकतो याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण इम्युनोग्लोब्युलिनचं आहे. नवजात बाळाच्या शरीरात स्वतःच्या प्रतिपिंडांचा साठा तुटपुंजा, तेव्हा दात्यांच्या रक्तातून काढलेले प्रतिपिंड शिरेतून दिले तर सेप्सिसशी लढायला बळ मिळेल, ही कल्पना कोणालाही पटण्यासारखी आहे. औषध महाग, पण सुरुवातीच्या छोट्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर मृत्यू बरेच कमी झाल्यासारखे दिसत होते. मग नऊ देशांतल्या 113 रुग्णालयांनी मिळून 3,493 बाळांवर एक मोठी चाचणी घेतली. ती आखणाऱ्यांनी मुख्य निकाल म्हणून दवाखान्यातला मृत्यू घेतलाच नाही. दोन वर्षांच्या वयापर्यंत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व, हा निकाल त्यांनी ठरवला. 2011 साली उत्तर आलं: इम्युनोग्लोब्युलिन दिलेल्या गटात 39.0 टक्के, न दिलेल्या गटात 39.0 टक्के. दशांशापर्यंत बरोबरी. जुन्या आणि नव्या निष्कर्षांतली तफावत केवळ कालावधीमुळे पडली असं म्हणता येणार नाही. छोट्या चाचण्यांच्या इतर उणिवाही त्यात होत्या, आणि चाचणी मोठी असणं हेही तितकंच निर्णायक होतं. तरीही त्या चाचणीचं उत्तर अंतिम मानलं गेलं याचं एक कारण असं की तिने विचारलेला प्रश्न आईबापांचा होता. दोन वर्षांनी माझं मूल कसं असेल? या प्रश्नाला ‘काही फरक नाही’ असं स्वच्छ उत्तर मिळाल्यावर त्या महागड्या बाटल्या लिहून द्यायला फारसं कारण उरत नाही.

इथे विरोधी बाजू जोरात मांडली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. जिथे बाळं पटापट दगावतात तिथे दोन वर्षांनंतरच्या विकासाच्या गप्पा हे श्रीमंत देशांचं सोंग आहे, आधी जीव वाचवा, असं कोणी म्हणेल. गडचिरोलीचा पुरावा या बाजूचा वाटतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि 47 गावांशी तुलना केली. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालानुसार तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेने 62 टक्क्यांनी घटला. सेप्सिस झालेल्या बाळांतला मृत्यूचा वाटा 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आला. मोजला तो मृत्यूच, आणि तोच मोजायला हवा होता. पण हे यश आलं कशातून ते बघा. जेंटामायसिन आणि कोट्रायमॉक्साझोल ही औषधं आधीपासूनच होती, जिल्ह्याच्या रुग्णालयात मिळतही होती. आजारी बाळाला रुग्णालयात न्या असं सांगूनही घरचे नेत नसत. अंतर, पैसा, ओली बाळंतीण, घरातली दुसरी मुलं, तिथे कोणी ओळखीचं नाही ही धास्ती, हे सगळं त्यांच्या हिशेबात होतं आणि वैद्यकाच्या हिशेबात नव्हतं. बंगांनी इंजेक्शन घरी नेलं. कुटुंबाला काय परवडतं, काय झेपतं याचा विचार आधी झाला, म्हणून मृत्यूचा आकडा खाली आला. या दोन गोष्टी एकमेकींशी झगडत नव्हत्या.

हाच धागा पुढे बांगलादेश, पाकिस्तान आणि आफ्रिकेतल्या चाचण्यांत दिसतो. सल्ला देऊनही बाळाला रुग्णालयात दाखल करायला घरचे तयार नसतील तर काय, असा रोखठोक प्रश्न त्या चाचण्यांनी घेतला. बांगलादेश-पाकिस्तानातल्या चाचण्यांत तुलनेसाठी धरलेला उपचार म्हणजे सात दिवस रोज दोन इंजेक्शनं, एकूण चौदा. त्याऐवजी इंजेक्शनं कमी आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन जास्त अशा पद्धती पडताळल्या गेल्या, आणि अत्यवस्थ नसलेल्या बाळांमध्ये त्या कमी ठरल्या नाहीत. त्या आधारावर 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने, रुग्णालय शक्यच नसेल तेव्हासाठी, दोन दिवस जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सात दिवस तोंडाने अमॉक्सिसिलिन हाही मार्ग मान्य केला. चौदाऐवजी दोन सुया: गुणवत्तेत फरक पडत नसेल तर आईच्या लेखी हा फार मोठा निकाल आहे. गंमत अशी की अशा चाचण्यांची रचना ‘आम्ही कमी पडत नाही ना’ एवढंच सिद्ध करायची असते. कुटुंबाचा फायदा त्यात गृहीत धरलेला असतो, मोजलेला क्वचितच असतो.

न मोजण्याची एक किंमत तर थेट आकडेवारीलाच मोजावी लागते. आपल्याकडच्या दवाखान्यांत काही बाळांना घरचे स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जातात. पैसे संपतात, मजुरी बुडत असते, किंवा बाळाला भेटू दिलं जात नाही म्हणून जीव उडालेला असतो. ‘लामा’ असा शेरा मारून ती फाइल मिटते. अशा बाळाचं पुढे काय झालं हे कळत नसेल, तर कागदावरचा मृत्युदर खऱ्यापेक्षा कमी दिसण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे कुटुंबाचा खर्च आणि ताटातूट या ‘मऊ’ गोष्टी बाजूला ठेवून मृत्यूसारखी ‘टणक’ गोष्ट तेवढी अचूक मोजू म्हटलं, तरी ते जमत नाही. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावरचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहेत. मोठाच दिलासा. पण बाहेर व्हरांड्यात मुक्काम ठोकलेल्या बापाची बुडालेली रोजंदारी कुठल्याच योजनेच्या रकान्यात येत नाही.

दुसरा आक्षेप संख्याशास्त्र जाणणाऱ्यांचा असतो. मृत्यू म्हणजे मृत्यू, त्यात मतभेद नाहीत. पण ‘जीवनाची गुणवत्ता’, ‘पालकांवरचा ताण’ हे कसं मोजणार? ज्याच्या त्याच्या मनावर अवलंबून. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. एक तर डॉक्टरांच्या मोजपट्ट्याही वाटतात तितक्या निर्मळ नसतात. ‘उपचार फसले’ असा एकच निकाल अनेक चाचण्या धरतात आणि त्यात मृत्यू, प्रकृती बिघडणं आणि अँटिबायोटिक बदलावं लागणं हे सगळं एका टोपलीत टाकतात. औषध बदललं आणि मूल गेलं या दोन घटना एका तोलाच्या आहेत असं कुठली आई म्हणेल? वर जिची स्तुती केली त्या इम्युनोग्लोब्युलिनच्या चाचणीलाही हा दोष काही प्रमाणात लागतोच: तिथे मृत्यू आणि गंभीर अपंगत्व एकत्र मोजले होते. ते एकत्र मोजणं हीसुद्धा एक भूमिका आहे, आणि ती घेणारे तज्ज्ञ असतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या सरोज सैगल यांनी 1999 साली डॉक्टर, परिचारिका, पालक आणि कमी वजनाची जन्मलेली पण आता किशोरवयीन झालेली मुलं, अशा सगळ्यांना अपंगत्वाच्या निरनिराळ्या अवस्थांना गुण द्यायला सांगितले. त्यांतली एखादी तरी अवस्था मरणाहून वाईट आहे असं मानणारे 64 टक्के आरोग्य-व्यावसायिक निघाले, पालकांमध्ये हेच प्रमाण 45 टक्के होतं. पालक बरोबर आणि डॉक्टर चूक, असा याचा अर्थ मी लावत नाही. पण कोणाला विचारलं त्यावर उत्तर बदलतं, एवढं यातून निर्विवाद कळतं. आणि मग फक्त एकाच गटाला विचारून मोजपट्टी आखायची आणि तिला वस्तुनिष्ठ म्हणायचं, हे जरा जास्तच होतं.

दुसरं म्हणजे, पालकांचं निरीक्षण कच्चं असतं हा समज तपासून पाहिलेला आहे. दोन वर्षांच्या मुलाला किती शब्द येतात, तो ठोकळे कसे रचतो, चित्रात काय ओळखतो, अशा प्रश्नांची एक प्रश्नावली ब्रिटनमध्ये पालकांकडून भरून घेतात. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांच्या चाचणीशी तिचे निकाल इतके जुळतात की 30 आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांच्या दोन वर्षांच्या तपासणीत ती वापरावी, अशी तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत शिफारस आहे. नवजात विभागातल्या सगळ्याच संशोधनासाठी किमान कोणते निकाल मोजलेच पाहिजेत हे ठरवायलाही तिथल्या एका प्रकल्पात डॉक्टर-परिचारिकांबरोबर पालक आणि पूर्वी स्वतः त्या विभागात राहून गेलेली, आता मोठी झालेली माणसं बसली. बारा निकालांवर एकमत झालं. जगणं, सेप्सिस, आतड्यांचा दाह, मेंदूची इजा हे त्यात आलंच. शिवाय ऐकणं, पाहणं, हालचाल, बुद्धी आणि जीवनाची गुणवत्ताही आली. यादी चांगली आहे, पण एक गोष्ट खटकते. या बारांत सगळं बाळाचं आहे, आईबापांचं काही नाही. आईचं दूध टिकलं का, ती किती दिवस बाळाला जवळ घेऊ शकली नाही, घर किती कर्जात गेलं, यांतलं काहीही तिथपर्यंत पोचलेलं नाही.

ताटातूट हा तर नुसता भावनेचा मामला नाही, हे आता पक्कं झालं आहे. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत एक ते 1.8 किलोच्या दरम्यान वजन असलेल्या 3,211 बाळांवर झालेली चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली. भारतातलं रुग्णालय दिल्लीचं सफदरजंग होतं. एरवी बाळ स्थिर झाल्यावरच त्याला आईच्या उघड्या छातीशी ठेवतात. इथे एका गटात जन्मल्याबरोबर ठेवलं आणि त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता विभागात आणली. 28 दिवसांपर्यंतचे मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12.0 टक्क्यांवर आले आणि सेप्सिसची शंका येण्याचं प्रमाणही घटलं. बाहेरची माणसं आत आली की जंतू येतात, ही आपल्याकडची ठाम समजूत. म्हणून दाराबाहेर चपला आणि चपलांबरोबर आईबापही. पण दिल्लीच्याच राममनोहर लोहिया रुग्णालयात पालकांना हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंत शिकवून बाळाच्या सेवेत सामील करून घेतलं, तेव्हा त्या चाचणीत दवाखान्यातल्या संसर्गाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. उलट डिस्चार्जच्या आधी आईचं दूध मिळणाऱ्या बाळांचं प्रमाण जास्त निघालं. केंद्र सरकारने 2017 साली याच धर्तीवर मार्गदर्शक सूचनाही काढल्या. एकच चाचणी सगळ्या रुग्णालयांना लागू होईल असं नाही. पाण्याचा नळ आणि परिचारिकांची संख्या पाहून मगच दार उघडावं लागेल. तरी ‘जंतूंमुळे नको’ हे कारण आता पुराव्याविना देता येत नाही.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. दोन वर्षं मुलांचा माग ठेवायला माणसं लागतात. कुटुंबं ऊसतोडीला जातात, वीटभट्टीवर जातात, मोबाइलचे नंबर बदलतात. जी सापडत नाहीत तीच बहुधा सर्वांत गरीब असतात, त्यामुळे निकाल पुन्हा एकांगी होण्याची भीती असते. पण यंत्रणा अगदी शून्यातून उभारायची आहे असंही नाही. आशा कार्यकर्ती दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते, आणि 2018 पासूनच्या कार्यक्रमानुसार पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही. मुलांमधले दोष आणि विकासातली दिरंगाई लवकर हेरण्यासाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरमधूनच सुरू झाला आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रं ठेवली गेली. या दोन टोकांच्या मध्ये डिस्चार्ज कार्ड आहे. त्यावर ‘सेप्सिस, दहा दिवस अमिकासिन’ एवढं स्पष्ट मराठीत लिहिलं आणि खाली कानाची चाचणी कधी, अपुऱ्या दिवसांचं असेल तर डोळ्यांचा पडदा कधी तपासायचा, सहाव्या आणि नवव्या महिन्यात काय दिसलं पाहिजे हे नोंदवलं, तर नवव्या महिन्याच्या भेटीला आलेल्या आशाताईला काय विचारायचं ते कळेल: हाक मारली की वळून बघतं का, आधाराशिवाय बसतं का, दोन्ही हात सारखेच वापरतं का. तिच्या वहीत आलेली उत्तरं जिल्ह्याच्या नवजात विभागाकडे परत गेली, तर कुठल्या औषधाने, कुठल्या जंतूने, कुठल्या वजनाच्या बाळांचं पुढे काय होतं, याचा पहिला हिशेब आपल्याच जिल्ह्यात मांडता येईल.